डॉक्टरांचे विराम

९ जानेवारी

छोटे,

काल फोन मध्येच ठेवला म्हणून फुगून बसू नकोस. फोनवर मला राग नीट येत नाही. तू पलीकडून ‘हं, हं’ करत राहतेस, तुझा कुकर शिट्ट्या मारतो आणि माझं बोलणं कुठल्या कुठे जातं. कागदावर बघ मी कशी सलग चिडते ते.

परवा आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष माझ्या शिवणाच्या दुकानात आले होते. ते दातांचे डॉक्टर. तू त्यांना फोटोतच पाहिलंयस, मंडळाच्या प्रत्येक फोटोत मधोमध जे दात हसतात ते त्यांचेच. मी एका पॅन्टची मोहरी उसवत बसले होते. हे गृहस्थ काउंटरवर कोपर टेकून म्हणतात, “वहिनी, यंदा प्रॉम्पटिंगला तुम्हीच बसा. मास्तरांची जागा परक्या कुणाला द्यायची म्हणजे मनाला पटत नाही हो.”

मास्तरांची जागा! ह्यांना सगळं मंडळ मास्तर म्हणायचं, ते विंगेत पट्टी घेऊन बसायचे म्हणून. चष्म्याच्या कारखान्यातली ती स्टीलची पट्टी. ओळीखाली पट्टी धरून, भिंगं घासताना धरायचे तसा श्वास धरून, वर्षानुवर्षं ह्यांनी त्या माणसाला नाटकं वाचून दाखवली. मंडळाचं नाटक वर्षातून एकदा होतं, त्याचं सगळं उत्पन्न इथल्या वृद्धाश्रमाला जातं. आश्रमात आपलं कुणी नाही, सगळी इथली म्हातारी माणसं. पण परदेशात का असेना, ज्या गावात राहतो त्या गावाचं काही देणं लागतो, असं ह्यांचं म्हणणं. ते दर रविवारी पेटी घेऊन तिथे जायचे आणि म्हाताऱ्यांच्या चष्म्यांचे सैल स्क्रू पिळून द्यायचे. अध्यक्ष जायचे ते चेक द्यायला, फोटोग्राफर घेऊन.

मागच्या वर्षीचं तुला अर्धवटच माहीत आहे. तू विचारलंस तेव्हा ह्यांनी ‘माझंच मन नव्हतं’ म्हणून सांगितलं होतं, ते साफ खोटं. इतक्या वर्षांनी ह्यांना पहिल्यांदा भूमिका मिळाली होती. पहारेकरी. नाटकातला म्हातारा शेठ शेवटी रिकाम्या घरात एकटा बसतो, मोठं स्वगत म्हणतो, आणि पहारेकरी आत येऊन विचारतो, “साहेब, दार लावून घेऊ का?” की पडदा. एवढंच वाक्य. त्यासाठी मी खाकी कोट शिवला, खांद्यावर पट्ट्या, पितळी बटणं, जोडीला टोपी. प्रयोगाच्या संध्याकाळी मिशी चिकटवून झाली, कोट चढला, आणि अध्यक्ष मेकअपच्या खोलीत आले. “मास्तर, हॉलचं भाडं फरशीवाल्यांनी दिलंय. त्यांना स्टेजवर यायचंय हो. आणि तुम्ही विंगेत नसलात तर माझं कसं व्हायचं?”

ह्यांनी मिशी काढली. गोंदाबरोबर कातडी सोलली गेली तरी हसले. कोट घडी करून माझ्या हातात दिला आणि विंगेत जाऊन बसले. पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे. उन्हाळाही बघितला नाही त्यांनी.

यंदा तेच नाटक परत करणार आहेत. शेठ अध्यक्षच, पहारेकरी तो फरशीवालाच. मी हो म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, मोठं मन आहे तुमचं.” केवढं आहे ते मी त्यांना दाखवीन.

तुझी ताई


२४ जानेवारी

ताई,

तुझं ‘दाखवीन’ वाचलं आणि लगेच लिहायला बसले. तू काय काय दाखवू शकतेस हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? चौथीत तुझ्या केसांना डिंक लावला होता त्या मुलीशी तू वर्षभर गोड बोललीस. खाऊ दिलास, वह्या दिल्यास. मग संमेलनाच्या दिवशी ती नाचायला उभी राहिली आणि तिच्या फ्रॉकची मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. वर्षभर थांबलीस! मी असते तर तिथल्या तिथे चावून मोकळी झाले असते.

पण आता आपण चौथीत नाही. ऐक माझं, सोडून दे. त्या माणसाने वाईट केलं, मान्य. नीच आहे, तेही मान्य. पण तुला तिथे राहायचंय. भावोजी गेले तेव्हा तुझ्या घरात कोण होतं? मंडळातल्याच बायका होत्या ना? तू तापाने पडलीस तर मी इथून पट्ट्या ठेवायला येणार आहे का? एका माणसावर डूख धरून सगळं गोकुळ गमावशील आणि मग रविवारी शिवणयंत्राशी गप्पा मारत बसशील.

भावोजींना तरी आवडलं असतं का हे? ते तर ज्याने दुखावलं त्याचाच चष्मा आधी पुसून देणारे.

इकडे सगळं ठीक. शाळेत नुसती धावपळ आहे. आमच्या मोठ्या बाई परदेशातल्या कुणा दानशूर पाहुण्याच्या मागे लागल्या आहेत, तो शाळेला संगणक देणार म्हणे. पाहुणा आला की आम्हाला इस्त्रीची साडी नेसवून रांगेत उभं करतील आणि मुलींकडून स्वागतगीत बसवून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात पडेल.

तू काय करणार आहेस ते मला आधी कळव. करून झाल्यावर नको.

छोटी


१२ फेब्रुवारी

छोटे,

काहीच करणार नाही मी. अगदी शब्दशः. गप्प बसणार आहे.

तुला कळावं म्हणून सांगते. अध्यक्ष पाठांतर करत नाहीत. पाठांतर म्हणजे कारकुनी, असं त्यांचं मत. तालमी होतात शाळेच्या व्यायामशाळेत, तिथे रबरी बुटांचा वास आणि घडीच्या खुर्च्या. अध्यक्ष मधोमध उभे राहतात आणि मी विंगेतून पहिले तीन शब्द देते. तीन शब्द मिळाले की गाडी सुटते. ती थांबली की पुढचे तीन. मध्ये मी पान उलटते किंवा श्वास घेते, तेवढ्यात ते मान वर करून छताकडे बघतात. लोक म्हणतात, काय विराम घेतात डॉक्टर! अगं, मंडळाच्या अंकात त्यांच्या विरामांवर लेख आलाय. ते विराम ह्यांच्या पान उलटण्याचे होते. ह्यांना खोकला असायचा त्या वर्षी तर फारच गाजले.

यंदा गावातलं मोठं नाट्यगृह घेतलंय. नगराध्यक्ष येणार, आश्रमातली म्हातारी मंडळी पुढच्या रांगेत बसणार. अध्यक्षांनी स्वतःसाठी कॉलरला लावायचा माइक मागवलाय. कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत जाते म्हणे. मला बजावलं, “वहिनी, अगदी हळू बोला, नाहीतर तुमचा आवाज माझ्या माइकमध्ये येईल.” मी म्हटलं, काळजी करू नका, माझा आवाज येणारच नाही.

शेवटचं स्वगत दीड पानाचं आहे. त्यात मी पट्टी खाली ठेवीन आणि तोंड मिटीन. ह्यांनी मिशी काढली तेव्हा त्या खोलीत सगळे कसे आपापल्या आरशात बघत होते, ते मी विसरलेले नाही.

माझ्या एका दाढेवर ह्याच डॉक्टरांनी बसवलेलं टोपण आहे. रोज दात-ओठ खाते तेव्हा पहिलं तेच लागतं.

एक गोष्ट मात्र मधूनमधून टोचते. रविवारी आता ह्यांची पेटी घेऊन मी आश्रमात जाते. स्क्रू पिळायचं मलाही जमतं. वरच्या मजल्यावर एक आजी आहे, मोडक्या कमरेची. लिफ्ट बंद पडल्यापासून ती खाली आलेलीच नाही. खिडकीशी बसून अंगणातल्या बाकाकडे बघत असते, शेजारणी तिथे बसतात म्हणून. यंदाच्या नाटकाचं उत्पन्न लिफ्टसाठी आहे. ती मला म्हणाली, तुमच्या नाटकाची मी देवाकडे प्रार्थना करते. मी तिच्या चष्म्याची काडी सरळ करत राहिले. 

अध्यक्ष आता पंधरा दिवस मायदेशी गेलेत, तोवर तालमी बंद.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

चार ओळीच लिहिते. घसा बसलाय, परीक्षांचे पेपर काढायचे आहेत.

शाळेतला तो सत्कार झाला एकदाचा. पाहुणे आले, भाषण झालं, गेले. सांगण्यासारखं काही नाही.

एक विचारू? भावोजींना ते वाक्य येत होतं ना? पहारेकऱ्याचं? म्हणजे नक्की? तालमीत कधी अडखळले होते का? असंच मनात आलं म्हणून विचारते. खरं काय ते लिही.

छोटी


१५ मार्च

छोटे,

हा काय प्रश्न झाला? येत होतं का म्हणजे?

अगं, त्या एका वाक्याने माझं डोकं उठवलं होतं. सकाळी दाढी करताना ‘साहेब, दार लावून घेऊ का?’ चहा गाळताना ‘साहेब, दार लावून घेऊ का?’ एकदा ‘साहेब’वर जोर, एकदा ‘दार’वर. मग एक दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून मला म्हणाले, “ऐक, आता सापडलं. पहारेकऱ्याला माहीत आहे की आता कुणी यायचं नाही. पण साहेबाला तसं वाटू द्यायचं नाही. म्हणून तो परवानगी मागतो.” आणि मग म्हटलं. मी कणीक मळत होते. हात तसेच राहिले माझे. अध्यक्षांची आणि बाकीच्यांची अख्ख्या नाटकातली वाक्यं एका पारड्यात टाक, दुसऱ्यात हे एक, तरी हेच खाली बसेल.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात होते, तेव्हा रात्रपाळीची नर्स दार लोटायला आली. हे डोळे मिटूनच म्हणाले, “साहेब, दार लावून घेऊ का?” तिला काही कळलं नाही. मला हसावं की रडावं कळेना. अडखळले म्हणे! तुला कुणी सांगितलं हे?

असो. तू म्हणायचीस ते मी मान्य केलंय, खूश हो. मी त्यांना वाक्यं देणार आहे. सगळी, वेळेवर. परवा आश्रमात गेले तर आजीने नाटकाला यायचं म्हणून ठेवणीतला पोशाख काढून खुर्चीवर टाकून ठेवला होता. सेवक मंडळी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणणार आहेत. मंडळातल्या बायकाही रात्रंदिवस खपतायत, कुणी तिकिटं विकतंय, कुणी पडदे शिवतंय. नाटक पडलं तर ते फक्त त्याचं पडणार नाही. आणि खरं सांगू, रविवारी तालमीनंतर सगळे मिळून चहा पितो तेव्हा तासभर तरी माझ्या घराची आठवण येत नाही. तेवढं मला हवंय.

तेव्हा माझा राग मी कोटाबरोबर कपाटात ठेवलाय, डांबराच्या गोळ्या घालून.

ताई


२७ मार्च

ताई,

कपाट उघड.

महिनाभर मी हे गिळून बसले होते. तुझं पत्र आलं, नर्सचं वाचलं, आणि आता नाही बसवत.

आमच्या शाळेत सत्कार झाला तो तुमच्या अध्यक्षांचा. ते हॉलमध्ये शिरले तेव्हा मी दातांवरून ओळखलं. त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं की तिसऱ्या रांगेत मास्तरांची मेव्हणी बसलीय. मोठ्या बाईंनी ‘दानशूर’ म्हटलं, ‘कलावंत’ म्हटलं. मग ते बोलायला उभे राहिले. विषय होता विद्यार्थिनींसाठी पाठांतराचं महत्त्व. हसू नकोस, खरंच तोच विषय होता.

म्हणाले, “आमच्या मंडळात एक मास्तर होते. बिचारे हौशी. नाटकात घ्या म्हणून सारखे मागे लागायचे. शेवटी दया येऊन मी त्यांना एक वाक्य दिलं. फक्त एक! ऐन प्रयोगाला गृहस्थ तेवढंही विसरले. थरथर कापायला लागले. शेवटी मीच त्यांच्या हातात पुस्तक देऊन त्यांना विंगेत बसवलं. म्हटलं, पाठ होत नाही, निदान वाचता तरी येईल. तर मुलींनो, पाठांतर करा, नाहीतर तुमचा मास्तर होईल!”

मुली खळाळून हसल्या. मोठ्या बाई हसल्या. माझ्या वर्गातल्या मुली मागे वळून माझ्याकडे बघत होत्या, बाई हसतायत का म्हणून. आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही वाजवल्या, ताई. ह्या हातांनी. तेव्हापासून जेवताना हात धुतले तरी धुतल्यासारखे वाटत नाहीत. घसा वगैरे काही बसला नव्हता माझा. तुला लिहायला तोंड नव्हतं.

आता शाळेत ती म्हणच झालीय. कुणी कविता विसरली की बाकीच्या ओरडतात, ‘मास्तर झाला, मास्तर झाला!’ माझ्यासमोर. भावोजींच्या नावाने.

तू भूमिकेवरून रागावली होतीस, ते मी सोडून दे म्हटलं. भूमिका काय, आली गेली. पण हे मी सोडणार नाही, आणि तूही सोडायचं नाहीस. मेलेला माणूस उठून ‘खोटं बोलतोस’ म्हणू शकत नाही, ह्याचा फायदा घेतलाय त्याने. कोण वाक्यं विसरतं ते एकदा लोकांना दिसू दे.

लिफ्टचं म्हणशील तर तिकिटं विकली गेलीत ना? पैसे आश्रमाकडे गेलेत ना? मग त्याचं नाटक पडलं म्हणून लिफ्ट थोडीच पडणार आहे? आणि बायका आठ दिवस फुरंगटतील. फुरंगटू देत. तुला ताप आला तर मी कर्ज काढून विमानात बसेन, पण तू गप्प बस.

तुझ्या पहिल्या पत्रापेक्षा मला आता जास्त राग आलाय, हे मला मान्य आहे. मी चावणारी आहे, तुला माहीतच आहे. इथून तेवढं लांब तोंड पोचत नाही म्हणून तुला सांगते.

छोटी


२० एप्रिल

छोटे,

झालं.

तुझं पत्र प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात आलं. ते मी दुकानात वाचलं, घरी येऊन परत वाचलं, मग कपाट उघडून कोट काढला आणि इस्त्री केली. तू एवढं सगळं लिहिलंस, पण माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला. ‘बिचारे.’

प्रयोगाला कोट अंगात घालूनच गेले. कुणी विचारलं की म्हणायचे, विंगेत गारठा असतो. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, एकीने माझा दंड दाबला. त्यांना वाटलं, ह्यांची आठवण म्हणून घातलाय. खोटं नव्हतंच ते.

नाट्यगृह भरलं होतं. पुढच्या रांगेत आश्रमातली मंडळी बसली होती आणि कडेच्या खुर्चीत वरची आजी, ठेवणीतला पोशाख घालून, ह्यांनी दुरुस्त केलेला चष्मा लावून. तिला आपल्या भाषेतलं अक्षर कळत नाही. पण लग्नाला आल्यासारखी टवटवीत दिसत होती.

पहिले दोन अंक मी वाक्यं दिली. एकही चुकवलं नाही. अध्यक्ष रंगात आले होते. मध्यंतरात मला म्हणाले, “वहिनी, मास्तरांपेक्षाही चांगलं देताय!” हे ते बोलले नसते तर कदाचित मी पुढचीही सगळी वाक्यं दिली असती. कदाचित.

शेवटचं स्वगत सुरू झालं. शेठ खुर्चीत, एकच दिवा. मी पहिल्या चार ओळी दिल्या. “ज्यांना मी वाढवलं, त्यांनीच...” इथपर्यंत आणलं, आणि पट्टी मांडीवर ठेवली.

त्यांनी मान वर करून छताकडे बघितलं. विराम. छोटे, लोकांनी टाळ्या वाजवल्या! आपल्या माणसांनीच वाजवल्या, विराम ओळखून. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. टाळ्या थांबल्या. ते म्हणाले, “त्यांनीच...” आणि कान माझ्याकडे केला. मी त्यांच्याकडे बघत होते. आमच्यात चार पावलांचं अंतर. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं, गोळी धरावी तसं धरून ठेवलं होतं.

“त्यांनीच...” परत. मग खुर्चीतून उठून विंगेकडे दोन पावलं आले. कपाळावरचा रंग ओघळायला लागला. तोंडातल्या तोंडात म्हणाले, “वहिनी.” तो माइक कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेत नेतो, विसरले बहुतेक. सगळ्या नाट्यगृहाने ‘वहिनी’ ऐकलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. “वहिनी, वाक्य!” आता बरेच जण हसले. नगराध्यक्ष शेजाऱ्याला विचारत होते, हा विनोदी भाग आहे का. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. थरथर कापत होते, अगदी त्यांनी तुझ्या मुलींना सांगितलं तसे.

आणि मग, इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय, मोठ्याने ओरडले, “मास्तर! मास्तर, पुढचं!”

हसू एकदम थांबलं. आपल्या एकाही माणसाने श्वास घेतला नसेल. त्या हाकेने माझा हात मांडीवरच्या पट्टीकडे गेला, तुझ्यापाशी लपवत नाही. कारण हाक खरी होती. त्या क्षणी त्यांना ह्यांच्याइतकं जगात दुसरं कुणी हवं नव्हतं. पण उत्तर द्यायला आता कुणी नाही, हे त्यांना कळलं, आणि सगळ्यांना कळलं, की इतकी वर्षं स्टेजवर कोण बोलत होतं.

माझ्या मागे फरशीवाला मिशी सावरत उभा होता. त्याला काही सुचेना, तसाच आत घुसायला लागला. मी पट्टी त्याच्या छातीवर आडवी धरली. तो थांबला. मग मी कोटाच्या खिशातली टोपी घातली आणि मीच गेले.

मी आयुष्यात कधी स्टेजवर पाऊल टाकलं नव्हतं. दिवा डोळ्यांत जातो गं, समोरचं कुणी दिसत नाही. शेठ माझ्याकडे असे बघत होते की मी नाही, दुसरंच कुणी आलंय. मी उंबऱ्यात उभं राहावं तशी उभी राहिले आणि ‘आता सापडलं’ म्हणून ह्यांनी ज्या तऱ्हेने म्हणून दाखवलं होतं, तस्सं म्हटलं.

“साहेब, दार लावून घेऊ का?”

पडदा ओढणाऱ्याला तेवढीच खूण माहीत. त्याने पडदा पाडला.

आत काय झालं ते थोडक्यात सांगते. सगळे जमा झाले. अध्यक्ष खुर्चीत बसून पाणी पीत होते, ग्लास दातांवर वाजत होता. म्हणाले, “वहिनी, वाक्य का नाही दिलंत मला?”

मी म्हटलं, “माझी धाकटी बहीण शाळेत शिकवते, डॉक्टर. ज्या शाळेत तुमचा सत्कार झाला ना, त्या शाळेत. ती तिसऱ्या रांगेत होती.”

त्यांनी मान खाली घातली. बाकीच्यांना काही कळेना, म्हणून मी तुझ्या पत्रातलं त्यांचं भाषण जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सगळं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला पाठच झालंय ते. ह्या वेळी कुणी आरशात बघत नव्हतं. ज्यांनी ह्यांना मिशी काढताना बघितलं होतं, ते सगळे त्याच खोलीत होते. ह्यांना वाक्य येत होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? फरशीवालाच बोलला अखेर. म्हणाला, “मास्तर कुठे विसरले होते? माझ्यासाठी उठवलंत तुम्ही त्यांना.” आणि मिशी काढून टेबलावर ठेवली.

मी निघताना म्हटलं, “आमच्या घरात एकच वाक्य होतं, डॉक्टर. ते आम्ही विसरलो नाही.”

आता तुला हवं ते ऐक. मला गार वाटलं. अजून वाटतंय. वाईट वाटेल म्हणून वाट बघितली, नाही वाटलं. मंडळातल्या निम्म्या बायकांनी बोलणं टाकलंय, म्हणतात, घरचं भांडण गावासमोर केलं, आश्रमाचं नाव तरी बघायचं होतं. त्यांचं काही चूक नाही. मला ते माहीत होतं आणि तरी केलं. रविवारचा चहा आता मी एकटीच पिते. अध्यक्षांनी राजीनामा दिलाय. दवाखाना चालू आहे, पण मी टोपण निघालं तरी तिथे जाणार नाही. लिफ्टचं काम मात्र सुरू झालं, भिंत फोडलीय. तू म्हणालीस तसंच झालं.

तुझ्या मुलींना सांग, मास्तर झाला म्हणजे काय झालं ते.

आणि एक राहिलं. त्या संध्याकाळी मी मागच्या दाराने निघून जाणार होते, पण टोपी हातात घेऊन नाट्यगृहातून गेले, आजी दिसेल म्हणून. सेवक तिची खुर्ची उचलायच्या तयारीत होते. तिने मला हात करून थांबवलं. कोटाकडे तिचं लक्षच नव्हतं, किंवा असेल, कुणास ठाऊक. म्हणाली, “मला तुमच्या भाषेतलं काही कळलं नाही. तो म्हातारा खूप बोलला. पण शेवटी एकजण आला ना, दाराशी उभा राहिला, एवढंसं काहीतरी म्हणाला. तेवढं मला कळलं. तो कोण होता?”

मी म्हटलं, “माझे यजमान.”

ताई